टेबलावरची विरार लोकल

नालासोपारा स्टेशनात पूर्वेच्या बाजूला उतरले की तुळिंज कोठे सुरू होते हे कोणाला विचारावे लागत नाही. पुलाच्या पायऱ्या संपतात तेथेच रिक्षांची रांग, भाजीच्या हातगाड्या, मोबाईलच्या टपऱ्या आणि घराकडे निघालेली माणसे यांची एकच दाटी होते आणि त्या दाटीतून तुळिंज रोड वाट काढीत पुढे जातो. नाळे आणि सोपारा या दोन गावांवरून स्टेशनला नाव मिळाले, ती दोन्ही गावे पश्चिमेला. प्राचीन शूर्पारक नगरीचा स्तूपही पश्चिमेलाच. त्यावर आपल्या साप्ताहिकांतून पुष्कळ लिहून झाले आहे, पुढेही होईल. आज आम्ही पूर्वेचे सांगणार आहोत. मुंबईत भाडे परवडेना म्हणून परळ-लालबागहून, धारावीहून, गोवंडीहून जी कुटुंबे इकडे आली, त्यांच्या दहा बाय दहाच्या खोल्यांचे आणि त्यांच्या मुलांचे.

या वस्तीचा श्वास रेल्वेच्या वेळापत्रकावर चालतो असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबे स्टेशनपर्यंत पहिली गाडी सुरू झाली. दिवसाला एक जायची, एक यायची. बोरीवलीच्या पुढे विरारपर्यंत विजेच्या तारा आल्या त्या १९३६ साली. बोरीवली-विरार चार मार्ग व्हायला २००७ साल उजाडले. आज बारा डब्यांची, पंधरा डब्यांची लोकल पाठोपाठ धावते आणि तरी सकाळी सात वाजता नालासोपाऱ्याच्या फलाटावरून दरवाज्यात पाय टेकायला मिळणे म्हणजे अर्धी लढाई जिंकण्यासारखे असते. आम्ही स्वतः गेली वीस वर्षे याच गाडीने फोर्टातल्या कचेरीत कारकुनीसाठी जातो. वाचकांपैकी कित्येकांची हीच कथा असेल, तेव्हा ती वाढवीत नाही.

पण मुलांचे वेगळे असते. ज्या गाडीने बाप थकून घरी येतो त्याच गाडीवर मुलाचे प्रेम असते. आमच्या वस्तीत रविवारी सकाळी अभ्यासवर्ग चालतो. तेथील लहान मुले पाटीवर, वहीच्या मागच्या पानावर, भिंतीवरसुद्धा लोकल काढतात. त्यातल्या एकाने वर्तमानपत्राचे कात्रण आणले. पुण्यात कोथरूडला छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, तेथे टेबलाएवढ्या जागेत शहर उभारले आहे आणि खऱ्यासारख्या गाड्या धावतात, असे त्यात होते. "काका, आपण जाऊ या का?" एवढाच त्याचा प्रश्न. मग आम्ही कार्यकर्ते बसलो.

बैठकीत सर्वांचे एकमत होते असे नाही. वस्तीतील एका ज्येष्ठ गृहस्थांनी स्पष्ट विचारले, "पुण्याला जायचे तर जरूर जा, पण खेळण्यातल्या आगगाड्या बघायला वर्गणी कशाला? तेवढ्यात स्पर्धा परीक्षेची पुस्तके येतील." त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. दुसरे एकजण म्हणाले ते अधिक बोचरे होते. "आमच्या बापजाद्यांचे आयुष्य रुळावर गेले. आता पोरांनीही रुळाचेच कौतुक करायचे का?" या प्रश्नाला त्या दिवशी कोणी उत्तर दिले नाही. तो आमच्या मनात राहिला. सहल मात्र ठरली. दिवाळीच्या सुट्टीत सतरा मुले, सहा पालक आणि आम्ही दोघे कार्यकर्ते.

पहाटेच्या अंधारात लोकलने दादर आणि तेथून इंद्रायणी एक्सप्रेस. डबे घरचेच होते, चपाती-भाजी आणि सुकट-चटणी. कर्जतला गाडी थांबली आणि मागे ढकलणारी जादा इंजिने जोडली गेली, तेव्हा सगळी मुले खिडकीला चिकटली. बोरघाटाचा चढ एकास सदतीस आहे, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की गाडी एक फूट वर चढते. आमच्यातल्या एका नववीतल्या मुलीने वहीत लिहून ठेवले, ते पुढे उपयोगी पडले.

हा घाट १८५६ ते १८६३ या काळात फोडला गेला. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार १८५९ साली येथे आला आणि थोड्याच आठवड्यांत आजारी पडून वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट हाती ठेवून काम पुरे करून घेतले. तिचे नाव इतिहासात आहे आणि ते असलेच पाहिजे. पण १८६१ च्या सुमारास या घाटात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. कॉलऱ्याने, सुरुंगाने, दरडीखाली जे हजारो मेले त्यांची नावे कोठल्या दगडावर आहेत? मुलांना आम्ही हे बोगद्याच्या अंधारात सांगितले. मोठी मुले गप्प झाली. लहान मुले प्रत्येक बोगद्याला ओरडत राहिली, आणि ते योग्यच होते.

पुण्यात स्टेशनवरून मेट्रोने नळ स्टॉपला उतरलो आणि विचारत विचारत कोथरूडला पोहोचलो. संग्रहालयाचे नाव 'जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे'. भाऊ जोशी या गृहस्थांचा हा छंद. आपल्या कुटुंबाच्या सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स या उद्योगाच्या जागेत त्यांनी हे छोटे शहर उभे केले आणि १ एप्रिल १९९८ पासून ते सर्वांना पाहण्यासाठी खुले केले. ते आज हयात नाहीत. कुटुंबीय ते चालवितात. घरातला छंद घरातच ठेवून चार पाहुण्यांना दाखवून त्यांना समाधान मानता आले असते. त्यांनी दार उघडले, आणि आमच्या मते याच गोष्टीसाठी त्यांचे नाव घ्यावे.

आत गेल्यावर काय दिसते ते सांगतो. मोठ्या मांडणीवर डोंगर, बोगदे, उड्डाणपूल, सिग्नल, रस्त्यावरचे दिवे, घरे, माणसे. सगळे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे. माणूस दोन सेंटिमीटरपेक्षाही किंचित कमी. माहिती सांगणारी व्यक्ती एकेक गाडी सोडत जाते. वाफेचे इंजिन खरोखर धूर सोडते. नवी वेगवान गाडी झरकन निघून जाते. मग खोलीतला उजेड कमी होतो आणि छोट्या शहरात संध्याकाळ होऊन दिवे लागतात. आमच्यातली सर्वात धिटुकली मुलगी, जी वर्गात एक मिनिट गप्प बसत नाही, तिने त्या वेळी शेजारच्या ताईंचा हात घट्ट धरला होता.

सत्त्याऐंशी हा आकडा कोठून आला, असे मुलांनी विचारले. युरोपात पूर्वी 'ओ' नावाच्या मापाच्या मोठ्या खेळण्यातल्या गाड्या होत्या. घरे लहान होत गेली तशी त्याच्या निम्म्या मापाची गाडी आली, तिला 'एच-ओ', म्हणजे अर्धा ओ, असे नाव पडले. जगात आज सर्वांत जास्त चालते ते हेच माप. या मापाच्या तयार रुळांत साडेसोळा मिलिमीटर अंतर असते. युरोप-अमेरिकेतल्या खऱ्या रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर, त्याला सत्त्याऐंशीने भागले की साडेसोळा येते. पण आपल्या देशातला मोठा मार्ग १६७६ मिलिमीटरचा. त्याला भागले तर सव्वाएकोणीसच्या वर जाते. म्हणजे आपली गाडी बाजारातल्या तयार रुळावर चालवायची तर ती बिचारी परक्याच्या चपला घालून चालते! हा हिशेब त्याच नववीतल्या मुलीने परतीच्या गाडीत मोबाईलवर केला. नंतर तिने आणखी एक हिशेब केला. लोकलचा डबा सुमारे एकवीस मीटर, म्हणजे या मापात चोवीस सेंटिमीटर. बारा डबे जोडले तर साडेनऊ फूट. "काका, आपल्या खोलीत विरार लोकल भिंतीपासून भिंतीपर्यंत मावते," ती म्हणाली. आणि नालासोपारा ते चर्चगेट? जवळजवळ छप्पन्न किलोमीटर, म्हणजे छोट्या मापात सुमारे साडेसहाशे मीटर. जो प्रवास करण्यात आमची उमेद गेली तो एवढासा झाला, याची आम्हाला थोडी गंमत वाटली आणि थोडे वाईटही.

वाचक बंधू-भगिनींनो, हा छंद परदेशात केवळ श्रीमंतांच्या माडीवरचा राहिलेला नाही. लंडनमध्ये १९१० साली स्थापन झालेला छोट्या रेल्वेचा क्लब आजही आहे. तिकडे असे क्लब गावोगावच्या सभागृहांत, शाळांत आपली मांडणी घेऊन जातात आणि शेजारीपाजारी, नातेवाईक, मुलेबाळे यांना दाखवितात. अमेरिकेत नोव्हेंबर महिना त्यासाठी राखलेला आहे. त्या महिन्यात अनेक जण आपल्या घराचे दार उघडून तळघरातली रेल्वे दाखवितात. जर्मनीत हॅम्बर्ग शहरात ब्राऊन बंधूंनी २००१ साली सुरू केलेली मांडणी जगात सर्वांत मोठी म्हणून प्रसिद्ध आहे. ते लोक जानेवारी महिन्यात काही दिवस, "मला तिकीट परवडत नाही" एवढे सांगणाऱ्याला फुकट आत सोडतात. दाखला मागत नाहीत. दाखल्यांच्या खिडकीपुढे उभे राहण्यात ज्यांचे आयुष्य जाते त्या आपल्या लोकांना यातले मोठेपण वेगळे समजवायला नको.

आणखी एक हकीकत आम्हाला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या विख्यात तंत्रशिक्षण संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांचा असा क्लब निघाला. त्यात दोन तऱ्हेची मुले होती. काहींना टेबलाच्या वरचे आवडे, म्हणजे डबे रंगविणे, झाडे-घरे करणे. काहींना टेबलाच्या खालचे. टेलिफोन कंपनीकडून मिळालेले जुने रिले आणि तारांचे जंजाळ जोडून ते गाड्यांचे मार्ग आणि सिग्नल चालवीत. हीच खालची मुले पुढे संगणकाकडे वळली. 'हॅकर' हा शब्द आज चोरट्यासाठी वापरतात, पण संगणकाच्या जगात तो या क्लबमधून आला, आणि तेथे त्याचा अर्थ युक्तीने काम साधणारा असा होता. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांची आठवण करून देणाऱ्या आमच्या ज्येष्ठांना आम्ही हे सांगितले. "खेळणे आहे, पण टेबलाखाली वाकून बघितले तर शाळा आहे." ते म्हणाले, "बघू या."

आता तुळिंजचे. सहलीनंतर मुलांनी ठरविले की आपणही करायची. पैसा नाही, जागा नाही. जागेचा प्रश्न अमेरिकेतल्याच एका युक्तीने सुटला. तेथे १९७० नंतरच्या दशकात काही छंदिष्टांनी अशी पद्धत काढली की प्रत्येकाने चार फूट लांब, दोन फूट रुंद एवढीच फळी घरी तयार करायची. रूळ कोठून आत यायचा आणि कोठून बाहेर जायचा याचे माप सर्वांचे एकच. मग एकत्र जमले की फळ्या एकमेकींना जोडायच्या. ही पद्धत जणू चाळीतल्या माणसासाठीच निघाली असावी! आमच्या सहा घरांनी सहा फळ्या घेतल्या. प्लायवुडचे तुकडे जवळच्या गाळ्यात फर्निचरचे काम करणाऱ्या एका बंधूंनी दिले. फळी रात्री पलंगाखाली, पलंग नसेल तर भिंतीशी उभी.

रूळ कशाचे? माडाच्या झाडूच्या हिरांचे. ते सरळ निवडून, घासून, चंदेरी रंग दिला. स्लीपर आइस्क्रीमच्या काड्यांचे. तुळिंजमध्ये बांधकामाला तोटा नाही, त्यामुळे चाळून घेतलेली बारीक कच खडी म्हणून अंथरली. दोन हिरांमध्ये एकोणीस मिलिमीटर अंतर ठेवले, म्हणजे जे माप बाजारात तयार मिळत नाही ते झाडूतून निघाले. डबे पुठ्ठ्याचे, चोवीस सेंटिमीटर लांब, चार सेंटिमीटर रुंद. चाकांचे कोडे मात्र दोन आठवडे सुटत नव्हते. काज-बटणाचे काम घरी आणणाऱ्या एका ताईंनी ते सोडविले. शर्टाचे साधे बटण अकरा मिलिमीटरच्या आसपास असते आणि डब्याचे खरे चाक या मापात तेवढेच भरते. त्यामागे थोडे मोठे बटण चिकटविले की चाकाला आतली कड येते, जी रुळावरून चाक घसरू देत नाही. डब्याला आठ चाके हवीत, मुलांनी चारावर भागविले. बारा डबे, अठ्ठेचाळीस चाके, शहाण्णव बटणे. ताई म्हणाल्या, "डझनाच्या हिशेबाने मोजून देते, एकही कमी नको."

इंजिन वगैरे काही नव्हते. पहिल्या डब्याला दोरा बांधून तो पलीकडच्या टोकाला एका छोट्या मोटारीवर गुंडाळायचा. विजेचे काम बारावी सायन्सच्या एका मुलाने लॅमिंग्टन रोडवरून सामान आणून केले. सिग्नलचे लाल, पिवळे, हिरवे दिवे जुन्या रोषणाईच्या माळेतले. एका फळीवर स्टेशन आणि पूल, एकीवर तुळिंज रोड आणि रिक्षा, एकीवर मिठागर. एका फळीवर मुलांनी पारदर्शक डिंक ओतून रुळावर पाणी साचविले. १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्याला रूळ बुडून वसई ते विरार गाड्या बंद पडल्या होत्या. त्या वेळची आठवण या मुलांना असण्याचे कारण नाही, पण दर पावसाळ्यात घरात तीच भीती बोलली जाते, तेव्हा ती फळीवर आली.

एका रविवारी सकाळी अभ्यासवर्गाच्या खोलीत बाकांवर फळ्या मांडल्या आणि वस्तीला बोलावणे केले. तिकीट नाही. आम्हाला वाटले होते तीस-चाळीस माणसे येतील. खोलीत उभे राहायला जागा उरली नाही. आजीबाई खुर्च्या मागून पुढे बसल्या. गाडी निघाली, चार फूट गेली आणि दोन फळ्यांच्या जोडावर आडवी झाली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मुलांचे चेहरे पडले.

मागच्या रांगेत एक गृहस्थ उभे होते. रेल्वेत गँगमन आहेत. हल्ली ट्रॅक मेंटेनर म्हणतात, वस्तीत सगळे गँगमनच म्हणतात. ते यायला तयार नव्हते. त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन आल्या होत्या. "सहा दिवस रूळच बघतो, रविवारी पण रूळ?" असे ते दारात म्हणाले होते. हिशेब करणारी नववीतली मुलगी त्यांचीच. शाळेतल्या कागदांवर ती वडिलांचा व्यवसाय 'रेल्वेत नोकरी' एवढाच लिहिते, हे आम्हाला ठाऊक होते. त्यात खोटे काही नाही, पण कोणती नोकरी हे तिने कधी कोणाला सांगितले नव्हते.

ते पुढे आले, गुडघे टेकले आणि फळीच्या पातळीला डोळा लावून एक मिनिट नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "गाडी पडते ती जोडावरच. दोन्ही रूळ एकाच ठिकाणी तोडलेत आणि मोकळे सोडलेत. फिशप्लेट कुठाय?" मुलांना फिशप्लेट माहीत नव्हती. दोन रुळांची टोके पट्टीने आणि बोल्टांनी धरून ठेवतात ती. त्यांनी बॉलपेनची रिकामी रिफिल मागितली, तिचा बोटभर तुकडा कापला आणि दोन्ही हिरांची टोके त्या नळीत सरकविली. मग खडीकडे बोट दाखविले. "ही नुसती शोभेला पसरलीत. खडी स्लीपरच्या टोकाबाहेरही भरायची, दाबून. ती स्लीपरला धरून ठेवते. ती खचली की उन्हात रूळ तापून वाकडा होतो." एवढे बोलून त्यांनी स्वतःच अंगठ्याने खडी दाबायला घेतली. एकेक फळी तपासत ते सहाव्या फळीपर्यंत गेले. यास पाऊण तास लागला. कोणी घरी गेले नाही.

त्यानंतर लोकल साडेनऊ फुटांची अंगलट घेत पहिल्या फळीपासून शेवटच्या फळीपर्यंत गेली. टाळ्या पडल्या. मग प्रश्न सुरू झाले, आणि ते आम्हाला नाहीत, त्यांना. उन्हाळ्यात दुपारी रूळ किती तापतो? रात्री पावसात एकटे गस्त घालताना भीती वाटते का? सांधा बदलतो तो कसा? ते बोलत होते. वस्तीत बारा वर्षे शेजारी राहणाऱ्या माणसांनी त्यांना इतके बोलताना प्रथमच ऐकले.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे, कारण बैठकीतला तो बोचरा प्रश्न आम्ही विसरलो नव्हतो. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हा त्यांचा विचार त्या भाषणातला म्हणून सर्वांना माहीत आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतले अगदी साधे दुखणेही मांडले होते. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरची जागासुद्धा देत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी घरकाम करावे लागते आणि तेथे विटाळ आडवा येतो. बढतीचे दार माणसाच्या जातीने बंद केले होते, त्याच्या कामाच्या ज्ञानाने नव्हे. ते ज्ञान तर त्याच्यापाशीच होते. रुळाचे कौतुक करायचे का, या प्रश्नाला आमचे उत्तर आता असे आहे की रुळाचे नसेल करायचे तर नका करू, पण रूळ ज्याला कळतो त्याला मुलांसमोर बोलू द्या. ते दोघे ज्येष्ठ त्या दिवशी खोलीत होते. एकाने नंतर येऊन सुतळी आणि दोन बल्ब दिले. दुसरे अजून म्हणतात की पुस्तके आधी. आम्ही पुस्तकेही आणली आहेत.

पुढच्या रविवारी पुन्हा मांडणी झाली. या वेळी नववीतल्या मुलीने एम-सीलची पाच माणसे करून आणली होती. दोन सेंटिमीटरची, केशरी जाकिटाची, हातात टाचणीची पहार. फलाटावर, पुलावर, रिक्षात, सगळीकडे माणसे होती, रुळावर मात्र कोणी नव्हते, हे तिच्या लक्षात आले होते. तिने ती रुळांच्या मधोमध उभी केली. वडील म्हणाले, "गाडी येते आहे ना? मग माणसं रुळात कशी?" त्यांनी चौघांना उचलून कडेला, खडीच्या खाली ओळीने उभे केले. पाचव्याच्या हातात लाल कागदाचा झेंडा होता. "हा इथे नाही," ते म्हणाले. "रुळाला तडा गेला तर गाडी लांबूनच थांबवायला हवी. सहाशे मीटरवर एक फटाका रुळावर लावायचा, बाराशे मीटरवर तीन. धावत जायचे." हे त्यांना किती वेळा करावे लागले असे एकाने विचारले, तेव्हा ते नुसते हसले.

मुलीने हिशेब केला. बाराशे मीटर भागिले सत्त्याऐंशी, म्हणजे पावणेचौदा मीटर, पंचेचाळीस फूट. तेवढी लांब खोलीच नव्हती. मग मुले दोरीने मोजत दाराबाहेर निघाली, चपलांच्या ढिगावरून, ओट्यावरून, गल्लीतल्या नळापर्यंत. तेथे नळाच्या कट्ट्यावर तो दोन सेंटिमीटरचा माणूस झेंडा घेऊन उभा केला. पाणी भरायला आलेल्या एका बाईंनी हंडा ठेवायला जागा करताना विचारले, "हा कोण?"

"माझे पप्पा," ती म्हणाली. "गँगमन आहेत. हंडा जरा तिकडे ठेवा."